जोडीनं चढलेली शिखरं

आपल्याकडे बऱ्याच गोष्टी जोडीनं करायच्या असतात. विधानाला बसायचं ते जोडीनं. पंचकल्याणकात इंद्र-इंद्राणी व्हायचं ते जोडीनं. यात्रेला निघायचं तर पहिला प्रश्न हाच येतो, "जोडीनं चाललात ना?" एकटी बाई निघाली तर चार जणी विचारतात, "आणि भाऊजी?" एकटा पुरुष निघाला तर मात्र कुणी फारसं काही विचारत नाही.

आम्ही राहतो कडोदऱ्याला. सुरतेजवळचं हे गाव म्हणजे हायवेवरचा चौक, साड्यांच्या प्रिंटिंगच्या मिल, आणि चलथाणच्या बाजूला ऊस. सुरत-भुसावळ गाडीनं खानदेशातून आलेली कितीतरी मराठी घरं इथं रुजली. जमीन मात्र सगळी सपाट. उंच म्हणावं असं काही असेल तर मिलची धुराडी. पण याच सपाट गावातून दरवर्षी बायका-पुरुषांचे जथ्थे डोंगर चढायला निघतात. कुणी शत्रुंजयाच्या साडेतीन हजार पायऱ्या चढतं, कुणी गिरनार, कुणी मांगीतुंगी. आणि आयुष्यात एकदा तरी सम्मेदशिखरजी.

शिखरजीची वंदना ज्यांनी केली आहे त्यांना हिशेब पाठ असतो. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांवरची फिरती, नऊ किलोमीटर उतार. मध्यरात्रीनंतर मधुबनातून काठ्या घेऊन निघायचं. निघताना सगळी जोडपी अगदी शेजारी-शेजारी चालतात. पण अर्ध्या तासात चित्र बदलतं. कुणाची बायको पुढं जाते, कुणाचा नवरा. दम ज्याचा त्याला लागतो, गुडघे ज्याचे त्याचे दुखतात. पारसनाथाच्या टोंकेवर पुन्हा सगळे एकत्र येतात आणि फोटोत जोडी पुन्हा जोडीसारखी दिसते. मधल्या चढावर कोण कुणासाठी थांबलं, कोण थांबलं नाही, हे फोटोत येत नाही.

पारसनाथाची उंची सुमारे १,३६५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. आणि एव्हरेस्ट ८,८४८ मीटर. तिथं जाणाऱ्या नवरा-बायकोचं या मधल्या चढावर काय होत असेल? या कुतूहलानं मी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या अशा जोडप्यांचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता लक्षात आलं की शिखराच्या नोंदी खूप आहेत, तारखा आहेत, उंची आहे. पण नवरा-बायकोचा खरा इतिहास बहुतेक वेळा माथ्याच्या खालीच घडलेला आहे.

हिमालयातल्या अशा जोडप्यांत फार आधीचं आणि फार गाजलेलं नाव म्हणजे वर्कमन पतिपत्नी. फॅनी बुलक ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या गव्हर्नरची मुलगी, जन्म १८५९ चा. नवरा विल्यम हंटर वर्कमन डॉक्टर, तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. तब्येतीच्या कारणानं त्यानं डॉक्टरकी सोडली आणि दोघं युरोपात राहायला गेली. तिथून त्यांना सायकलचं वेड लागलं. स्पेन झालं, अल्जेरिया झालं आणि मग हिंदुस्थान. साडी सावरत रिक्षात बसणाऱ्या आपण जरा कल्पना करून पाहूया. १८९८ साली लांब स्कर्ट घातलेली एक बाई दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत हा देश सायकलवरून पाहत चालली आहे आणि शेजारी नवऱ्याची सायकल आहे. उन्हाळा सोसेना म्हणून दोघं हिमालयात गेली, आणि मग सायकल मागं पडली. १८९८ ते १९१२ या काळात त्यांनी हिमालय आणि काराकोरममध्ये आठ मोहिमा केल्या.

या दोघांची एक रीत मला फार आवडली. मोहिमेचं नेतृत्व ते पाळीपाळीनं करत. एका वर्षी नवरा प्रमुख, दुसऱ्या वर्षी बायको. जो प्रमुख नसेल त्यानं मोजमापं घ्यायची, फोटो काढायचे, सामानाकडं बघायचं. पुस्तकंही दोघांच्या नावानं निघाली. शंभर वर्षांपूर्वी "अमुकराव आणि त्यांची पत्नी" एवढंच लिहायची पद्धत होती. त्या काळात या बाईनं आपलं नाव कधी "आणि पत्नी" मध्ये बुडू दिलं नाही.

१९०६ साली फॅनी काश्मीरकडच्या नून-कून रांगेतल्या पिनॅकल पीकवर चढली. उंची ६,९३० मीटर. वय ४७. त्या काळात एवढ्या उंचीवर कुठलीही बाई गेलेली नव्हती. मग १९०८ मध्ये ॲनी पेक नावाची दुसरी अमेरिकन बाई दक्षिण अमेरिकेतलं वास्करान शिखर चढली आणि आपण फॅनीहून उंच गेलो असं म्हणू लागली. फॅनीनं काय करावं? तिनं स्वतःच्या खर्चानं फ्रेंच मोजणीदार पेरूला पाठवले आणि ते शिखर मोजून घेतलं! खर्च आला तेरा हजार डॉलर. मोजणीत वास्करान कमी भरलं आणि विक्रम फॅनीकडंच राहिला. आपल्या नणंदा-भावजयांमधली चुरस यापुढं काहीच नाही. पण गंमत बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. "मी इतक्या उंच गेले" या वाक्याला पुरावा लागतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

१९१२ ची सियाचेन हिमनदीची मोहीम फॅनीच्या नेतृत्वाखाली झाली. त्या मोहिमेतला एक फोटो आजही पाहायला मिळतो. सुमारे एकवीस हजार फुटांवर, बर्फात, ती एक वर्तमानपत्र उलगडून उभी आहे आणि त्यावर मोठ्या अक्षरांत स्त्रियांना मताधिकार द्या अशी मागणी आहे. तिच्या देशात बायकांना तो अधिकार मिळायला १९२० साल उजाडलं. त्याच मोहिमेत त्यांच्यासोबतचा एक इटालियन वाटाड्या हिमभेगेत पडून गेला. फॅनी त्याच्यापासून थोड्याच अंतरावर होती आणि थोडक्यात वाचली.

तिच्या गोष्टीत न आवडणारंही आहे आणि तेही सांगायला हवं. ज्या बाल्टी आणि काश्मिरी हमालांच्या पाठीवरून तिचे तंबू, पेट्या, कॅमेरे वर जात होते, त्यांच्याबद्दल या जोडप्यानं तुच्छतेनं लिहिलं आहे. हमाल वरचेवर काम सोडून जात, यात नवल नव्हतं. स्वतःसाठी हक्क मागणाऱ्या बाईला ओझं वाहणाऱ्या माणसाचा हक्क दिसला नाही. डोलीवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करताना आपल्यालाही तो कुठं दिसतो? १९२५ मध्ये ती गेली तेव्हा मुलींच्या चार महाविद्यालयांना तिनं मोठी रक्कम ठेवली होती. एकाच माणसात असं दोन्ही असतं.

फॅनीचा विक्रम मोडला तो आणखी एका जोडप्यातल्या बाईनं. तिचं नाव हेट्टी डिरेनफुर्थ. नवरा ग्युंटर भूगर्भशास्त्रज्ञ. दोघं मूळची जर्मन, पुढं स्वित्झर्लंडची नागरिक झाली. १९३० मध्ये ग्युंटरनं कांचनजंगेवर आंतरराष्ट्रीय मोहीम नेली. त्यात हेट्टीकडं काय होतं? सामानसुमान! किती पेट्या, किती पीठ, किती साखर, कुठल्या तळावर काय पोहोचलं, काय संपलं. घर चालवणाऱ्या बाईला हे काम काय असतं ते वेगळं सांगायला नको. वीस पाहुण्यांचा चार दिवसांचा स्वयंपाक काढताना आपला जीव मेटाकुटीला येतो. इथं शेकडो हमाल आणि वाटेत दुकान नाही. शिखर चढणाऱ्यांची नावं होतात. पण वरच्या तंबूत वेळेवर चहा पोहोचला नाही तर कुणी शिखरावर जात नाही.

चार वर्षांनी, १९३४ मध्ये, हेट्टी नुसती सामानाची वही सांभाळत बसली नाही. काराकोरममधल्या सिया कांगरीच्या पश्चिम शिखरावर, ७,३१५ मीटरवर, ती नवऱ्याबरोबर पोहोचली. बायकांमधला उंचीचा हा विक्रम पुढं वीसेक वर्षं टिकला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये गिर्यारोहणासाठी सुवर्णपदक दिलं गेलं, ते हेट्टी आणि ग्युंटर दोघांना मिळून. एका पदकावर नवरा-बायको दोघांचं नाव! त्यांचा मुलगा नॉर्मन हाच १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेचा नेता. आईनं सामानाच्या पेट्या मोजल्या, मुलानं मोहीम चालवली.

एव्हरेस्टवर नवरा-बायको एकत्र पोहोचायला १९९० साल उजाडलं. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या स्लोव्हेनियाचे आंद्रेय आणि मारिया श्ट्रेमफेल ७ ऑक्टोबर १९९० रोजी माथ्यावर होते. एव्हरेस्ट जोडीनं चढलेलं हे पहिलं विवाहित जोडपं. आंद्रेय त्याआधी १९७९ मध्येच, पश्चिम कड्याच्या अतिशय अवघड वाटेनं वर जाऊन आलेला होता. म्हणजे दुसऱ्यांदा तो गेला तो बायकोबरोबर. जे आपण पाहिलं ते तिनंही पाहावं, ही इच्छा किती साधी, आणि ती पुरी करण्याची जागा किती अवघड!

पुढं तर एव्हरेस्टवर लग्नही लागलं. ३० मे २००५ रोजी नेपाळची मोनी मुलेपती आणि पेम दोर्जे यांनी माथ्यावर एकमेकांना वरलं. तो शेर्पा, ती नेवार. जातीबाहेरचं लग्न खाली जमिनीवर सोपं नव्हतं. वर ना मांडव, ना मानपान. काही मिनिटांत लग्न उरकून दोघं उतरू लागली. तिथं जास्त वेळ थांबताच येत नाही.

पण जसजशी "पहिलं जोडपं", "सर्वांत तरुण जोडपं", "अमुक राज्यातलं पहिलं जोडपं" अशी बिरुदं वाढली, तसतशी त्यांची हावही वाढली. २०१६ मध्ये पुण्यातल्या पोलीस दलातल्या एका दाम्पत्यानं २३ मे रोजी आपण जोडीनं एव्हरेस्ट सर केल्याचं जाहीर केलं. एव्हरेस्टवर जाणारं पहिलं भारतीय दाम्पत्य असा गवगवा झाला. पण पुण्यातल्याच गिर्यारोहकांना फोटो बघून शंका आली. बंगळूरच्या एका गिर्यारोहकानं सांगितलं, हे फोटो माझे आहेत, त्यात फेरफार केला आहे. नेपाळ सरकारनं चौकशी केली, प्रमाणपत्रं रद्द केली आणि दोघांवर दहा वर्षांची गिर्यारोहण बंदी घातली. पुढच्या वर्षी त्यांची नोकरीही गेली. त्यांची नावं छापून आलेली आहेत, मी इथं पुन्हा लिहीत नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा. एकटा माणूस खोटं बोलला तर घरात निदान दुसरं माणूस असतं, जे म्हणतं, "अहो, हे बरं नाही." दोघंही एकाच खोट्यात उभी राहिली तर थांबवायचं कुणी? संसारात दोघांचं एकमत असावं म्हणतात. पण कधी कधी एकानं अडून बसणं हाच खरा संसार असतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगण्याआधी त्या उंचीवर शरीराचं काय होतं ते थोडं समजून घेऊया. आठ हजार मीटरच्या वर हवा इतकी विरळ असते की माथ्यावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या एक तृतीयांश भरतो. त्या उंचीवर माणूस कितीही दिवस राहिला तरी शरीराला तिथली सवय होत नाही. ते झिजतच जातं. अन्न पचत नाही, झोप लागत नाही, विचार मंदावतात. पाऊल टाकलं की चार-पाच श्वास घ्यायचे, मग दुसरं पाऊल. म्हणून बहुतेक जण पाठीवर प्राणवायूचं सिलिंडर घेऊन जातात, आणि ते संपायच्या आत वर जाऊन खाली यायचं असतं. एव्हरेस्टला नेपाळच्या बाजूनं शेवटचा तळ सुमारे ७,९०० मीटरवर. तिथून रात्री निघतात, सकाळी माथा गाठतात आणि लगेच फिरतात. वाट अरुंद, दोर एकच. जाणाराही त्याच दोराला आणि येणाराही त्याच दोराला.

२०१९ च्या मे महिन्यात काय झालं ते बऱ्याच जणींना आठवत असेल. माथ्याजवळच्या कड्यावर रंगीबेरंगी कपड्यांतल्या माणसांची मुंग्यांसारखी रांग, असा एक फोटो जगभर फिरला. तो निर्मल पुर्जा या नेपाळी गिर्यारोहकानं २२ मे रोजी काढला होता. त्या हंगामात नेपाळनं ३८१ जणांना परवाने दिले होते आणि जवळपास तेवढेच शेर्पा त्यांच्यासोबत. हवामान चांगलं असे मोजकेच दिवस. सगळे एकाच वेळी निघाले. जिथं थांबणं म्हणजे प्राणवायू जाळणं, तिथं माणसं तासन् तास रांगेत उभी राहिली. त्या हंगामात एव्हरेस्टवर अकरा जण गेले.

त्यांत आपल्या मुंबई भागातल्या अंजली कुलकर्णी होत्या. वय पन्नाशीच्या पुढं. पती शरद कुलकर्णी त्याच मोहिमेत होते. सातही खंडांतली सर्वांत उंच शिखरं चढायची, हा दोघांचा ध्यास होता. २२ मे रोजी शिखरावरून उतरताना अंजलीताई गेल्या. रांगेत फार वेळ अडकून पडल्याचं त्यांच्या मुलानं तेव्हा सांगितलं होतं.

ती बातमी आली तेव्हा आमच्या बायकांच्या मंडळात त्यावर दिवसभर बोलणं चाललं. "या वयात काय अडलं होतं?" असं म्हणणाऱ्या पुष्कळ होत्या. "निदान नवरा जवळ होता," असंही कुणी म्हणालं. मला दोन्ही वाक्यं टोचली. पहिलं यासाठी, की पन्नाशीनंतर बाईला काही अडू नये, काही हवंसं वाटू नये, असं कुणी ठरवलं? नवऱ्याच्या वयाबद्दल त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. आणि दुसरं यासाठी, की जवळ असण्याचा अर्थ त्या उंचीवर आपल्याला कळणारच नाही. तिथं शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही दुसऱ्याचा श्वास घेता येत नाही. प्रत्येकाचं सिलिंडर वेगळं, प्रत्येकाची घटका वेगळी.

शरद कुलकर्णी त्यानंतर घरी बसून राहिले असते तर कुणी काही म्हटलं नसतं. पण ते पुन्हा गेले. २०२३ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, ते एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. दोघांनी धरलेला संकल्प एकट्यानं पुरा केला. हेही जोडीनंच चढणं म्हणायचं की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला तरी ते जोडीनंच वाटतं.

त्याच मे महिन्यात, त्याच रांगांच्या हंगामात, आमच्या सुरतेच्या अदिती आणि अनुजा वैद्य या दोघी बहिणी एव्हरेस्टवर जाऊन सुखरूप परत आल्या. सुरतेत त्यांचं केवढं कौतुक झालं! एकाच वाटेवर, एकाच महिन्यात एका घरात पेढे आणि एका घरात दुःख. डोंगराला कुणाचं पुण्य कमी-जास्त होतं असं म्हणायला माझं मन धजत नाही.

आणि "या वयात" म्हणणाऱ्यांना मी जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल यांचं नाव सांगते. मारवाडी घरातली गृहिणी, दोन मुलींची आई. छत्तिशीच्या आसपास डोंगराची वाट धरली, बचेंद्री पाल यांचं मार्गदर्शन मिळालं. मे २०११ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, एव्हरेस्टवर. पुढं २०१३ पर्यंत सातही खंडांतली शिखरं पुरी करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या आणि त्याच वर्षी पद्मश्री मिळाली. त्यांचे पती काही त्यांच्याबरोबर एव्हरेस्ट चढले नाहीत. बाई शिखरावर आणि नवरा घरी. ही पण जोडीच. आपल्याकडे याच्या उलटं इतक्या वेळा होतं की त्याला कुणी नावही देत नाही.

शेवटी एक इटालियन जोडपं सांगायचं राहिलं आहे. या सगळ्या वाचनात माझ्या मनात घर केलं ते त्यांनी. निव्हेस मेरोई आणि रोमानो बेनेट. जगात आठ हजार मीटरवरची चौदा शिखरं आहेत, सगळी हिमालय आणि काराकोरममध्ये. ती सगळी चढायची, पण प्राणवायूची नळकांडी न लावता आणि वर ओझं वाहायला माणसं न घेता, असा या दोघांचा नेम. सुरुवात १९९८ ला नंगा पर्वतापासून. २००९ पर्यंत अकरा शिखरं झाली होती.

त्या वेळी जगात एक शर्यत लागली होती. चौदाच्या चौदा शिखरं चढणारी पहिली बाई कोण? स्पेनची एक, ऑस्ट्रियाची एक, कोरियाची एक, आणि इटलीची निव्हेस. वर्तमानपत्रं रोज गुण मोजत होती. २००९ मध्ये दोघं कांचनजंगेवर होती. साडेसात हजार मीटरच्या आसपास रोमानोच्या अंगातलं बळच गेलं. का ते कळेना. त्यानं तिला सांगितलं, तू पुढं जा, मी इथं थांबतो. शिखर टप्प्यात होतं. शर्यत टप्प्यात होती.

निव्हेस त्याच्याबरोबर खाली उतरली.

खाली आल्यावर कळलं की त्याच्या हाडांतला मगज रक्त बनवेनासा झाला आहे. अस्थिमज्जेचं रोपण करावं लागलं, तेही दोनदा. ती वर गेली असती आणि तो एकटा तंबूत थांबला असता तर काय झालं असतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. दरम्यान २०१० मध्ये शर्यत संपली, दुसऱ्यांची नावं झाली. त्यांतल्या कोरियन बाईच्या दाव्यावर वाद झाला, तोही नेमका कांचनजंगेवरूनच. ती खरोखर माथ्यावर पोहोचली होती का, असा. निव्हेस या सगळ्यापासून दूर, दवाखान्यात नवऱ्याजवळ होती.

रोमानो बरा झाला. २०१४ च्या मे महिन्यात दोघं पुन्हा त्याच कांचनजंगेवर गेली आणि या वेळी माथ्यावर पोहोचली. २०१६ मध्ये मकालू झालं आणि ११ मे २०१७ रोजी अन्नपूर्णा. चौदा शिखरं पुरी झाली. जोडीनं ती पुरी करणारं हे जगातलं पहिलं दाम्पत्य. पहिली बाई होण्याचा मान हुकला होता, पण त्याची हळहळ आपल्यालाच वाटते. निव्हेसनं आपल्या पुस्तकाला नाव दिलं आहे त्याचा अर्थ होतो, "मी तुला वाट पाहायला लावणार नाही." पुस्तकाचा विषय कांचनजंगा आणि ते दोघं.

हे वाचून झालं तेव्हा मला फॅनी आठवली. तिनं तेरा हजार डॉलर खर्चून दुसरीचं शिखर मोजून घेतलं होतं. निव्हेसनं स्वतःचं शिखर सोडून दिलं. दोघी आपापल्या काळाच्या. फॅनीच्या काळात बाईची उंची कुणी मानायलाच तयार नव्हतं, म्हणून तिला फूटपट्टी हातात घ्यावी लागली. ती भांडली नसती तर पुढच्या बायकांना वाटच मिळाली नसती. निव्हेसच्या काळापर्यंत बाई चढू शकते हे सिद्ध झालं होतं, म्हणून तिला खाली उतरणं परवडलं. तरीही सगळ्यांना ते परवडतं असं नाही, हे आपण पुण्याच्या गोष्टीत पाहिलंच.

आता कुणी म्हणेल, बायकोच खाली उतरते, त्यात नवं काय? बायका पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या. शंका बरोबर आहे. नवऱ्याची बदली झाली म्हणून नोकरी सोडली, सासूचं दुखणं निघालं म्हणून परीक्षा सोडली, अशा उतरणाऱ्या आपल्या घरोघरी आहेत आणि त्यांची कुठं नोंद नाही. फरक आहे तो पुढच्या पाच वर्षांत. रोमानो बरा झाल्यावर दोघं पुन्हा त्याच डोंगराशी आली. तिनं सोडलेलं शिखर नंतर दोघांचं काम झालं. आपल्याकडे बाई एकदा उतरली की उतरलीच, तिला पुन्हा त्या पायथ्याशी कुणी नेत नाही. परीक्षा सोडलेल्या सुनेला दहा वर्षांनी "आता फॉर्म भर, मुलांचं मी बघतो" असं म्हणणारा नवरा किती घरांत आहे? जिथं आहे, तिथं ते घर एव्हरेस्टवर न जाताही जोडीनं चढतं आहे असं मी समजते.

म्हणून यापुढं कुणी "जोडीनं चाललात ना?" असं विचारलं, तर जरा जास्त बारकाईनं उत्तर द्यावं असं मला वाटतं. जोडीनं म्हणजे एकाच वेळी माथ्यावर पाय ठेवणं नव्हे. तसं तर शिखरजीला सत्तावीस किलोमीटरमध्ये एकदाही होत नाही. पाळी आली की नेतृत्व सोडता येणं, दोघांची नावं पदकावर येणं, खोट्याला एकानं तरी नाही म्हणणं, आणि दुसऱ्याच्या श्वासाकडं लक्ष असणं, या गोष्टी मात्र कुठल्याही उंचीवर करता येतात. कडोदऱ्याच्या सपाट जमिनीवरसुद्धा.